जमिनीखालच्या पाण्याला राखणदार हवा

भूम, परंडा, वाशी, कळंब या पट्ट्यात कुणी नवी विहीर खोदली किंवा बोअर घेतला, की गावातून दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, 'किती फुटांवर लागलं?' आणि दुसरा, 'पाणी किती इंची?' या दोहोंची उत्तरे मनासारखी मिळाली की नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. 'पाणी कसं आहे?' हा तिसरा प्रश्न कुणी विचारलाच, तर त्याचे उत्तर 'गोड आहे' किंवा 'जरा मचूळ आहे' एवढ्यावर संपते. त्या पाण्यात आणखी काय असू शकते, ते कुठून आले आणि उद्या काय येईल, याची चौकशी सहसा होत नाही.

दुष्काळी मुलखात हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. १९७२ चा दुष्काळ आमच्या वडीलधाऱ्यांनी अंगावर काढला. २०१२-१३ आणि २०१५-१६ ही वर्षे तर आजच्या तरुण मुलांनाही आठवतात. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले आणि 'जलदूत' या गाडीचे नाव देशभर झाले. जिथे घागरभर पाण्यासाठी टँकरमागे धावायची वेळ येते, तिथे 'पाण्याची तपासणी करून घ्या' असे सांगणाऱ्याला लोक हसतील. तरीही मला आज तेच सांगायचे आहे. पाणी आटले तर ते रेल्वेने आणता येते, निदान पुढच्या पावसाची वाट तरी पाहता येते. जमिनीखालचे पाणी एकदा नासले, तर पाऊस चांगला होऊनही ती विहीर निकामीच राहते. आणि नासवणारा दर वेळी धुराडे असलेला मोठा कारखानाच असतो असे नाही. कधी ती डेअरी असते, कधी गावाचे गटार असते, आणि वाचकांना नवल वाटेल, पण कधी ती विज्ञानाची प्रयोगशाळाही असते.

काळ्या पाषाणातले पाणी

भूम तालुका बालाघाटाच्या पठारावरचा. बाणगंगेसारखी नदी पावसाळा सरला की रोडावते आणि उन्हाळ्यात तिचे पात्र उघडे पडते. मग उरतात त्या विहिरी आणि बोअर. भूमचा खवा आणि कुंथलगिरीचा पेढा यांचे नाव आज दूरवर पोचले आहे. पण त्या खव्यामागे दुभते जनावर आहे, जनावरामागे वैरण आहे आणि वैरणीमागे विहीर आहे. म्हणजे खव्याच्या कढईखालचा जाळ जितका महत्त्वाचा, तितकेच पाषाणातले पाणीही महत्त्वाचे.

हा पाषाण काय चीज आहे, ते थोडे समजून घेऊ. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून बनलेल्या काळ्या खडकाचा आहे. गंगा-यमुनेच्या खोऱ्यात वाळूमातीचा जाड गाळ आहे आणि त्याच्या प्रत्येक कणाभोवती पाणी साठते. आपल्याकडे तसे नाही. वर हात-दोन हात माती, तिच्याखाली मुरूम, मग भेगाळलेला खडक आणि त्याखाली अखंड काळा पाषाण. पाणी राहते ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत. ढोबळ हिशेब असा की, अशा शंभर घनमीटर खडकातून वापरायला मिळते जेमतेम एक ते तीन घनमीटर पाणी. तिजोरी मोठी दिसते, पण तिच्यातली पुंजी लहान आहे.

याचे दोन परिणाम होतात. एक तर घाण मिसळली तर तिला पातळ करायला खाली फारसे पाणीच नसते. दुसरे म्हणजे, जाड मातीतून झिरपताना पाणी जसे गाळून निघते, तसे भेगांतून वाहताना निघत नाही. ज्या फटीतून पावसाचे पाणी विहिरीत लवकर पोचते, त्याच फटीतून सांडपाणीही पोचते. आपल्याकडच्या विहिरी पहिल्या मोठ्या पावसानंतर चार-आठ दिवसांत वर येतात, याचे आपल्याला केवढे कौतुक असते! त्या वेगाची दुसरी बाजू मात्र आपण लक्षात घेत नाही.

जाणकारांच्या दारात काय घडले

आता थोडे दूर जाऊ. ज्यांना पाण्याचे रसायन तुमच्या-आमच्यापेक्षा कितीतरी अधिक कळते, अशा लोकांच्या अंगणातल्या भूजलाचे काय झाले, हे पाहणे उद्बोधक आहे.

अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंड नावाचे लांबट बेट आहे. तिथे १९४७ मध्ये ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळा उभी राहिली. मोठमोठे शास्त्रज्ञ तिथे काम करून गेले. या प्रयोगशाळेत संशोधनासाठी एक अणुभट्टी होती आणि वापरून झालेले इंधन थंड ठेवण्यासाठी तिच्याजवळ पाण्याचा एक हौद होता. १९९७ च्या जानेवारीत अणुभट्टीच्या दक्षिणेला खोदलेल्या निरीक्षण विहिरींच्या पाण्यात ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचा किरणोत्सारी भाऊबंद, पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या अनेक पट सापडला. शोध घेता कळले की, तो हौद गळत होता. गळती किती? तर दिवसाला साधारण दोन-तीन घागरी. आणि ती सुरू असावी दहा-बारा वर्षे.

गळती दिसली कशी नाही? हौदातले पाणी थोडे कमी होत असे, पण पाणी उघड्यावर असले की त्याची वाफ होणारच. हौद गळत नाही असा निष्कर्ष मोजमाप करूनच काढला होता, पण ते मोजमाप इतकी बारीक गळती पकडण्याइतके नेमके नव्हते. त्या भागातल्या सफोक काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्हा प्रशासनासारख्या स्थानिक सरकारचा, नियम होता की भूजलाच्या डोक्यावर असलेल्या अशा साठ्यांना दुहेरी अस्तर हवे. त्या जुन्या हौदाला ते नव्हते. अणुभट्टीभोवती निरीक्षण विहिरी खोदायचे प्रयोगशाळेने मान्य केले होते, पण ते काम कमी निकडीचे ठरवून वर्षानुवर्षे पुढे ढकलले गेले. शेवटी विहिरी खोदल्या आणि पहिल्याच नमुन्यांनी सगळे उघड केले.

हे ट्रिटियम प्रयोगशाळेच्या हद्दीतच होते आणि शेजारच्या लोकांच्या पिण्याच्या पाण्यात ते गेलेले नव्हते, हेही सांगितले पाहिजे. तरी लोकांचा विश्वास उडाला तो उडालाच. त्याच बेटाचे रहिवासी जमिनीखालचेच पाणी पितात. मे १९९७ मध्ये अमेरिकी सरकारने पन्नास वर्षे प्रयोगशाळा चालवणाऱ्या संस्थेचा करार रद्द केला. अणुभट्टी पुन्हा सुरू झालीच नाही. १९९९ मध्ये ती कायमची बंद करण्याचा निर्णय झाला. काही बोअर खोदायचा खर्च लांबणीवर टाकला, त्याची ही किंमत.

दुसरे उदाहरण न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामॉसचे. पहिला अणुबाँब जिथे तयार झाला ती ही प्रयोगशाळा. गंमत अशी की, इथला प्रश्न अणूचा नव्हताच. वीजघराच्या पाणी थंड करणाऱ्या मनोऱ्यांत गंज चढू नये म्हणून क्रोमियमचे संयुग घालत असत. १९५६ पासून १९७२ पर्यंत ते पाणी जवळच्या एका कोरड्या दरीत सोडले गेले. दरी कोरडी, पाणी मुरून जाई, दिसेनासे होई. सोडणे बंद झाले आणि लोक विसरले. २००५ मध्ये, म्हणजे तब्बल तेहतीस वर्षांनी, जमिनीखाली सुमारे हजार फुटांवरच्या मुख्य जलसाठ्यात तेच क्रोमियम सापडले. ते आवरण्याचे काम नंतर वर्षानुवर्षे चालत राहिले.

या दोन्ही गोष्टींतून मला एकच धडा दिसतो. त्या लोकांना ज्ञान कमी नव्हते, पैसाही कमी नव्हता. कमी पडले ते जमिनीखाली वाकून पाहणे. नळीच्या तोंडाशी काय सोडतो याची नोंद असे. ते खाली जाऊन कुठे पोचते याची नसे.

मांजरा आणि बिच्छडी

हे परदेशाचे झाले, असे कुणी म्हणेल. पण आपल्या बालाघाटातच उगम पावणाऱ्या मांजरेच्या काठाने खाली चालत गेलो तरी हेच दिसते. बीड, धाराशिव, लातूर, मग बीदर असे करत मांजरा तेलंगणात शिरते. तिथे हैदराबादजवळच्या पाटणचेरू औद्योगिक वसाहतीतून येणारा नक्कवागू नाला तिला मिळतो. २००७ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी तिथल्या सामाईक सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारे, म्हणजे शुद्ध करून झालेले, पाणी तपासले. त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. पुढे आसपासच्या गावांतल्या विहिरींतही औषधांचे अंश सापडले. केंद्रातून पाणी 'शुद्ध' होऊनच जात होते, पण औषधांचे अंश मोजायचे असतात, असे नियमात कुठेच लिहिलेले नव्हते.

दुसरी गोष्ट राजस्थानात उदयपूरजवळच्या बिच्छडी गावची. १९८७-८८ च्या सुमारास तिथे रंगासाठी लागणारे एच-ॲसिड बनवणारा कारखाना निघाला. त्याचा गाळ उघड्यावर टाकला गेला. पाऊस झाला, गाळ मुरला आणि विहिरींचे पाणी गडद झाले. ते ना माणसांच्या उपयोगाचे राहिले, ना पिकांच्या. कारखाना लवकरच बंद झाला, पाणी मात्र तसेच राहिले. फेब्रुवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'जो प्रदूषण करील त्याने भरून द्यावे' हे तत्त्व या प्रकरणात ठामपणे मांडले. नुकसानीची पाहणी करून ते निस्तरण्याचा खर्च सुमारे ३७ कोटी रुपये येईल असा हिशेब मांडला तो आपल्या नागपूरच्या 'नीरी'ने, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने. पुढे वसुलीचा वाद आणखी दीड दशक चालला. तेवढ्या काळात एक पिढी त्या विहिरींकडे पाहत मोठी झाली.

कायद्यातली चार घरे

आपल्याकडे कायदा नाही असे मुळीच नाही. उलट महाराष्ट्र या बाबतीत देशाच्या पुढे होता. जलप्रदूषण रोखण्याचा कायदा आपण १९६९ मध्ये केला आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. केंद्राचा जल प्रदूषण कायदा आला तो १९७४ मध्ये. या केंद्रीय कायद्यातली 'प्रवाह' या शब्दाची व्याख्या मुद्दाम वाचण्यासारखी आहे. नदी हा प्रवाह आहेच. ओढा वाहता असो की तात्पुरता कोरडा, तोही प्रवाह आहे आणि जमिनीखालचे पाणी हाही प्रवाहच आहे. प्रवाहात, विहिरीत, गटारात किंवा जमिनीवर दूषित पाणी सोडायला मनाई आहे. सोडायचे असेल तर मंडळाची संमती आणि संमतीच्या अटी बंधनकारक आहेत. बाणगंगेच्या कोरड्या पात्राला आणि तुमच्या परसातल्या आडाला कायद्याने असे एकाच मापात धरले आहे.

मग अडते कुठे? अडते ते तक्त्यात. पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ यांना सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांचा एक तक्ता जोडलेला आहे. त्यात चार घरे आहेत. सांडपाणी नदी-नाल्यात सोडणार असाल तर एक मर्यादा, सार्वजनिक गटारात सोडणार असाल तर दुसरी, शेताला देणार असाल तर तिसरी, समुद्रात सोडणार असाल तर चौथी. भूजलासाठी पाचवे घर नाही. आणि जे घर भूजलाच्या सर्वांत जवळचे, म्हणजे शेताला पाणी देण्याचे, त्यात बऱ्याच रकान्यांत आकडाच नाही. घातक अशा सहासंयुजी क्रोमियमला नदीसाठी लिटरला ०.१ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. शेताच्या रकान्यात ती जागा रिकामी. पारा, शिसे, नायट्रेट यांचेही तेच. जणू काही शेतात टाकलेले पाणी शेतातच संपते!

आणखी एक गोष्ट. सेंद्रिय घाण मोजायला 'बीओडी' हे माप वापरतात. घाण कुजताना पाण्यातला किती प्राणवायू खाते, त्याचा हा हिशेब. नदीत सोडायच्या पाण्याला लिटरला ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. अशा मर्यादांचे मूळ १९१२ मधल्या इंग्लंडच्या एका शाही आयोगाच्या शिफारशीत सापडते. त्या आयोगाने गृहीत धरले होते की, सोडलेल्या सांडपाण्याच्या निदान आठ पट स्वच्छ पाणी नदीत वाहत असेल. इंग्लंडात ते ठीकच होते. पण मार्च महिन्यात आपल्या ओढ्यात आठ पट पाणी कुठून आणायचे? तेव्हा ओढ्यात वाहते ते सांडपाणीच असते, आणि तेही चार फर्लांगावर वाळूत मुरून जाते. मुरते म्हणजे नाहीसे होते असे नाही. ते कुणाच्या तरी विहिरीकडे निघते.

बेसिनच्या नळीचे दुसरे टोक

आता प्रयोगशाळा. भूममध्ये ब्रुकहेवन नाही हे उघड आहे. पण प्रयोगशाळा नाहीत असे कसे म्हणावे? कनिष्ठ आणि वरिष्ठ महाविद्यालयांत रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळा आहेत, रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅब आहेत, माती आणि पाणी तपासण्याची सोय जिल्ह्यात आहे, दुधाची फॅट तपासणे तर गावोगाव चालते. मी शिकलो त्या महाविद्यालयात प्रयोगशाळेच्या बेसिनची नळी भिंतीतून बाहेर काढून मागच्या चरात सोडलेली होती. पोटॅशियम डायक्रोमेटचे उरलेले द्रावण, शिशाचे क्षार, क्षारपृथक्करणाच्या परीक्षानळ्या, सगळे त्याच वाटेने जाई. त्या काळी बहुतेक ठिकाणी हीच व्यवस्था होती, म्हणून एका संस्थेचे नाव घेण्यात अर्थ नाही.

सर्वांत मोठा विनोद मात्र पाणी तपासण्यातच आहे. सांडपाणी किती घाण आहे हे ठरवणारी 'सीओडी' नावाची एक प्रमाणित चाचणी आहे. संमतीपत्रांत तिची मर्यादा लिहिलेली असते. ही चाचणी करायला डायक्रोमेट, गंधकाम्ल, चांदीचा क्षार आणि पाऱ्याचा क्षार लागतो. जुन्या पद्धतीत एका चाचणीला सुमारे ०.४ ग्रॅम मर्क्युरिक सल्फेट पडते. त्यात पारा असतो साधारण २७० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यात पाऱ्याची मर्यादा आहे लिटरला ०.००१ मिलिग्रॅम. म्हणजे एका चाचणीतला पारा निव्वळ गणिताने पावणेतीन लाख लिटर पाणी मर्यादेच्या काठावर नेऊ शकतो. प्रत्यक्षात बराचसा पारा मातीला धरून राहतो, सगळाच विहिरीत पोचत नाही. नव्या पद्धतींत रसायनेही कमी लागतात. तरी मुद्दा लक्षात यावा. पाण्याचे प्रदूषण मोजणाऱ्या प्रयोगशाळेचे सांडपाणी, हाच पाण्याला एक धोका असू शकतो.

दुधाचे पाहा. गर्बर पद्धतीने फॅट काढताना एका नमुन्याला १० मिलिलिटर तीव्र गंधकाम्ल लागते. शंभर जणांचे दूध दोन्ही वेळा तपासायचे तर दिवसाला दोन लिटर आम्ल झाले. आता पुष्कळ ठिकाणी विजेवर चालणारे यंत्र आले आहे, हे बरे झाले. पण कॅन, कढया आणि फरशी धुतलेले पाणी आहेच. दूध हे आपल्या दृष्टीने पूर्णान्न, ओढ्याच्या दृष्टीने मात्र जड घाण. एक लिटर निखळ दुधाचा बीओडी सुमारे एक लाख मिलिग्रॅम भरतो. घरगुती मैलापाण्याचा दोन-तीनशे. म्हणजे एक लिटर दूध सांडले की तीन-चारशे लिटर मैलापाणी सोडल्यासारखे झाले. डेअरीच्या सांडपाण्याला लिटरला १०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, ती यासाठीच.

यात तारतम्य हवे, हे मला मान्य आहे. महाविद्यालयाच्या बेसिनमधून जाणारे पाणी गावाच्या सांडपाण्याच्या तुलनेत चमचाभर आहे. वजनाने पाहिले तर भूजलावरचा मोठा बोजा शौचालयांच्या टाक्या, शोषखड्डे, उकिरडे आणि रासायनिक खते यांचाच. त्यातून नायट्रेट उतरते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळांना त्याचा धोका सर्वांत जास्त. गृहिणींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटून त्याचे प्रमाण किंचित वाढतेच. तुरटीनेही ते जात नाही.

मग मी प्रयोगशाळेवर एवढा भर का देतो? दोन कारणांनी. घाण कुजून जाते, पण पारा आणि शिसे कुजत नाहीत. चमचाभर असले तरी वर्षानुवर्षे साठत जातात. आणि दुसरे असे की, शिकवणारी आणि तपासणारी संस्थाच बेसिनच्या नळीचे दुसरे टोक पाहत नसेल, तर खवा भट्टीवाल्याला नियम सांगण्याचा अधिकार कुणाला उरतो?

नियम कसा असावा

खवा भट्टीवाले, छोटे डेअरीवाले यांची तक्रार मला ठाऊक आहे. 'आधीच लाकूड महाग, दुधाला भाव नाही. त्यात हा नवा कागद कशाला?' तक्रार खोटी नाही. तालुक्याच्या गावी प्रदूषण मंडळाचे कार्यालय नसते. संमतीपत्र म्हणजे हेलपाटे, असाच अनुभव असतो. म्हणून नियम पाळायला सोपा आणि तपासायला आणखी सोपा हवा.

प्रयोगशाळांसाठी पहिला नियम असा, की जड धातूंची द्रावणे बेसिनमध्ये ओतायचीच नाहीत. ती प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये वेगळी साठवावीत. सहासंयुजी क्रोमियमवर आम्लात हिराकस टाकले की त्याचे कमी घातक रूप होते, मग चुना घातला की हिरवट साका तळाशी बसतो. तो साका घातक कचरा म्हणून रीतसर पाठवायचा. याला लागणारा खर्च प्रयोगवहीच्या खर्चापेक्षा फार नाही, आणि विद्यार्थ्यांसाठी हाच एक उत्तम प्रयोग आहे. वैद्यकीय लॅबना तर जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी द्रव कचरा आधी निर्धोक करून मगच सोडायचे बंधन घातलेलेच आहे. डेअरी आणि भट्ट्यांनी सांडलेले दूध आणि तूपकट धुवण वेगळे काढले, आधी साक्याच्या आणि चरबी अडवणाऱ्या टाकीतून पाणी नेले, तरी निम्मे काम होते.

दुसरा नियम निरीक्षण विहिरीचा. माझ्या मते हाच कळीचा आहे. जी संस्था जमिनीवर किंवा ओढ्यात सांडपाणी सोडते, तिच्या वरच्या अंगाची एक आणि उताराच्या अंगाची एक, अशा दोन विहिरी नेमून द्याव्यात. नव्या खोदायची गरज नाही, असलेल्याच चालतील. दोन्हींचे पाणी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासावे. वरच्या विहिरीत नाही आणि खालच्या विहिरीत आहे, म्हणजे मधल्याने उत्तर द्यावे. वादाला जागाच उरत नाही. ब्रुकहेवनला पुढे ढकललेले काम ते हेच.

यासाठी लागणारी माणसे आपल्याकडे आहेत. १९७२ मध्ये स्थापन झालेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरातल्या हजारो निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. भूजल वाचवण्याचा आपला १९९३ चा कायदा मुख्यतः प्रमाणाचा होता: सार्वजनिक पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर नको, असे तो सांगे. त्याची जागा घेणारा २००९ चा कायदा २०१४ मध्ये अमलात आला आणि त्याने राज्य भूजल प्राधिकरणाची जबाबदारी महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाकडे दिली. जलजीवन मिशनने गावागावांत पाच-पाच जणींना, शक्यतो महिलांनाच, पाणी तपासण्याच्या पेटीचे प्रशिक्षण द्यायचे ठरवले. त्या पेटीत नायट्रेट, क्लोराइड कळते. पारा-क्रोमियम कळत नाही. पण घराघरातल्या बायकांना निदान पहिली शंका घेता येते, आणि पुढची तपासणी मागता येते.

अडचण एवढीच की, हे सारे वेगवेगळ्या दारांत बसले आहेत. पातळी मोजणारा एक, सांडपाण्याला संमती देणारा दुसरा, नळाचे पाणी तपासणारा तिसरा. पातळीच्या नोंदवहीत गुणवत्तेचा रकाना नियमितपणे भरला गेला आणि संमतीपत्र देणाऱ्याने तो वाचला, तर नव्या कायद्याशिवायही अर्धी लढाई जिंकता येईल.

तिसरा नियम आकडे चव्हाट्यावर मांडण्याचा. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर कर थकवलेल्यांची यादी लागते, तशी दर सहा महिन्यांनी विहिरींच्या तपासणीचीही लागावी. आकडा सगळ्यांना समजणार नाही, असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगतो की, दुधाच्या फॅटचा आकडा भूम तालुक्यातल्या निरक्षर म्हातारीलाही कळतो. ज्याच्यावर पोट अवलंबून असते, तो आकडा माणूस शिकतोच.

आणि यासाठी कुणाच्या मेहेरबानीची वाट पाहायला नको. १९७४ च्याच कायद्यात एक तरतूद आहे, तिची आठवण फार थोड्यांना असते. सांडपाण्याला संमती देताना घातलेल्या अटींची नोंदवही प्रदूषण मंडळाने ठेवायची असते, आणि त्या सांडपाण्याची ज्याला झळ पोचते त्या कोणाही माणसाला ती वही कामाच्या वेळेत पाहण्याचा हक्क आहे. वकील लागत नाही, चळवळ लागत नाही. तुमच्या विहिरीच्या वरच्या अंगाला डेअरी असेल, कारखाना असेल, प्रयोगशाळा असलेली संस्था असेल, तर तिच्या नावापुढे कोणत्या अटी लिहिल्या आहेत, आणि मुळात तिचे नाव त्या वहीत आहे की नाही, हे एकदा जाऊन पाहावे. येत्या ग्रामसभेत हा विषय एका गावाने जरी मांडला, आणि चार जण मिळून ती वही पाहायला गेले, तरी तालुक्यात त्याची चर्चा होईल. मग पुढच्या वेळी नव्या विहिरीचा नारळ फुटताना 'किती फुटांवर' आणि 'किती इंची' यांच्या जोडीने तिसरा प्रश्नही कुणीतरी विचारेल, आणि त्याचे उत्तर जिभेने न देता कागदावर द्यावे लागेल.